पावणेसातची टोपली

माझ्या रक्तात साखर वाढली यात माझा काहीच दोष नव्हता आणि तेच मी डॉक्टरांना शांतपणे समजावून सांगत होतो. त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "दुपारी काय खाता?"

"ऑफिसच्या कँटीनमध्ये असेल ते."

"आणि रात्री?"

"येताना पाकिटातलं काहीतरी आणतो. गरम पाण्यात टाकलं की झालं."

डॉक्टर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, "तीन महिने देतो. घरचं, ताजं, मोसमी. पाकीट बंद, कँटीन बंद. स्वतः निवडा, स्वतः चिरा, स्वतः शिजवा. आकडा खाली आला तर ठीक, नाहीतर जन्मभर गोळ्या."

गोळ्यांची मला भीती नाही. पण मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या तराजूंत खोट शोधण्यात गेली. आता माझ्याच अंगात काहीतरी प्रमाणाबाहेर निघावं, आणि तेही एका पोरगेल्या माणसाने ते कागदावर दाखवावं, हे मनाला फार लागलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती सकाळच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिचा स्वभाव नेमका आहे. ती म्हणाली, "वीस वर्षं मी हेच सांगतेय. मी फी घेत नाही म्हणून पटलं नसेल." मग तिने कंबरेचा रुमाल सोडून माझ्या खांद्यावर टाकला. "ओटा आजपासून तुमचा. मी साडेसहाला बाहेर पडते. परत आल्यावर पुढ्यात ठेवाल ते खाईन."

मी स्वयंपाकघराचा ताबा रीतसर घेतला. मिठाच्या बरणीला, डाळीच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. ऑफिसातला एक जुना पण अचूक तराजू ओट्यावर आणून ठेवला. मिठाच्या बरणीच्या वर भिंतीला एक खिळा आहे, त्यावर सोसायटीच्या किल्ल्यांचा जुडगा टांगलेला असतो. कारण मी आमच्या सोसायटीचा मानद सेक्रेटरीही आहे. गच्चीची किल्ली, पंपाच्या खोलीची किल्ली आणि तळमजल्यावरच्या फ्लॅट क्रमांक एकची किल्ली, अशा तीन.

या शेवटच्या किल्लीबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मी काही लपवलं असं म्हणायला नको. फ्लॅट क्रमांक एकमध्ये सिस्टर राहायच्या. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, एकट्या, कानांनी अधू. निवृत्त झाल्यावर मागच्या परसात भाजीपाला लावायच्या. इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या दिवशी त्यांच्याकडून भाजीचा डबा यायचा. सहा महिन्यांपूर्वी गुडघे फार दुखतात म्हणून त्या पुतण्याकडे गेल्या. महिन्याभराने आमच्या इमारतीतले कर्नल बातमी घेऊन आले की सिस्टर तिकडेच वारल्या. (कर्नल सैन्यात कधीच नव्हते. ते विमा कंपनीत होते, पण मिशा तशा आहेत.) बातमी कोणाकडून कळली, तर पुतण्याच्या गावाहून आलेल्या एका गृहस्थाकडून, ज्याचं नाव कर्नलांना आठवत नव्हतं.

मी तातडीने सभा बोलावली. दोन मिनिटं शांतता पाळली. शोकप्रस्ताव एकमताने मंजूर झाला आणि मी तो स्वच्छ अक्षरात इतिवृत्तात उतरवला. खाली सही केली. मग दाराला सोसायटीचं कुलूप लावलं, पाटीवरून नाव काढलं आणि पाणी खात्याला पत्र लिहून नळजोडणी बंद करून घेतली. रहिवाशांच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, 'फ्लॅट क्र. १ : बंद.' अठ्ठावीस वर्षांत माझी एकही नोंद चुकलेली नाही, हे कोणालाही विचारलं तरी तो सांगेल. निदान तेव्हा तरी सांगितलं असतं.

तर आता भाजी. ताजी, मोसमी भाजी आणायला मी पहिल्या दिवशी पिशवी घेऊन मंडईत गेलो. तिथे माझ्या एक गोष्ट लक्षात आली, जी आधी यायला हवी होती. मंडईतला प्रत्येक माणूस मला ओळखत होता. मी दिसताच पहिल्या ओळीत तराजू पोत्याखाली गेले. गाजरांचा ढीग समोर असलेल्या बाईने मला सांगितलं, "साहेब, आज गाजर नाही."

"मग हे काय आहे?"

"हे काल संपलेलं आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी टोपी घालून गेलो. तिसऱ्या दिवशी चष्मा काढून गेलो आणि एका हातगाडीवर आदळलो. चौथ्या दिवशी एकाने पालकाच्या चार जुड्या माझ्या पिशवीत कोंबल्या आणि वजन न करताच पळाला. ते मला तत्त्वतः मान्य नसल्यामुळे मी त्याच्यामागे पळालो. पन्नाशीत पालकाच्या जुड्या हातात घेऊन भर बाजारात धावलेल्या माणसाला परत तिथे तोंड दाखवणं सोपं नसतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना हे कळलं. त्यांना इमारतीत रसवहिनी म्हणतात, कारण जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे कसला ना कसला रस असतो. त्या दुधीचा रस घेऊन आल्या आणि मी तो पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. कर्नल म्हणाले, "कच्चं खा. रानातले प्राणी शिजवतात का?" मी दोन दिवस कच्चं खाल्लं. रानातल्या प्राण्यांना ऑफिसात खुर्चीवर बसून राहावं लागत नाही, एवढं माझ्या ध्यानात आलं.

शेवटी बायको म्हणाली, "मंडई कशाला हवी? मागच्या गल्लीतून सकाळी पावणेसातला भाजीवाली जाते. गॅलरीतून टोपली सोडायची, चिठ्ठी टाकायची. तोंड दाखवायची गरजच नाही."

ही कल्पना मला फार पसंत पडली. आमच्या स्वयंपाकघराची गॅलरी इमारतीच्या मागच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर आहे. वरून खालचं काही दिसत नाही, कारण सिस्टरांच्या परसावर भोपळ्याच्या वेलाचा दाट मांडव होता. त्याच्या पलीकडे भिंत आणि भिंतीच्या पलीकडे गल्ली. टोपलीला लांब दोरी होती आणि दोरीच्या वरच्या टोकाला बायकोने कधीतरी एक छोटी पितळी घंटा बांधली होती. खालून दोरी हलली की घंटा वाजायची.

पहिल्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली, 'पालक, अर्धा किलो.' सोबत एक नोट ठेवली आणि टोपली सोडली. ती मांडवाच्या कडेने पानांत शिरली आणि दिसेनाशी झाली. खाली सगळं शांत होतं. भाजीवाल्या ओरडतात अशी माझी समजूत होती, पण ही ओरडत नव्हती. मी चहाला आधण ठेवलं. एवढ्यात घंटा तीनदा वाजली, सावकाश, मध्ये सारखं अंतर ठेवून.

टोपली वर ओढली. पालक होता, नुकता खुडलेला, पानांवर पाणी. जुडी पांढऱ्या पट्टीने बांधली होती आणि पट्टीची गाठ इतकी सपाट, इतकी व्यवस्थित होती की सोडायला वाईट वाटलं. तराजूवर ठेवला. बरोबर पाचशे ग्रॅम. अठ्ठावीस वर्षांत पालक बरोबर पाचशे ग्रॅम मी कधी पाहिला नव्हता. नोट मात्र तशीच परत आली होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मला वाटलं, भाजीवाली महिनाअखेरीला हिशेब करत असेल.

मग रोज पावणेसातला टोपली जायची आणि भरून यायची. मटार, गाजर, मुळा, कांद्याची पात. मी मागेन ते आणि मागेन तेवढंच. मी सूप करायला शिकलो. शेंगा सोलताना बोटं हिरवी होऊ लागली आणि मला ते आवडायला लागलं. ऑफिसात मी डबा उघडला की लोक वास घ्यायला जवळ येत. मीही त्यांना मोसमी आहारावर चार शब्द सांगत असे, मग ते परत जात.

दुसऱ्या आठवड्यात मी 'मुळा, पाव किलो' असं लिहून पाठवलं, तर टोपलीत बीट आलं आणि माझ्याच चिठ्ठीच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'मुळा जून झाला. बीट घ्या. सालासकट वाफवा, मग सोला.' अक्षर तिरकं आणि जरासं थरथरतं होतं. मी तसं केलं. बीट इतकं गोड लागलं की मला साखरेची काळजी वाटली. त्यानंतर रोज काहीतरी सूचना यायची. 'देठ टाकू नका.' 'पाणी फेकू नका, सूपात घाला.' 'मीठ शेवटी.' भाजीवाली एवढी शहाणी असेल असं वाटलं नव्हतं. टोपलीला मातीचा वास यायचा आणि त्याखाली आणखी एक बारीक वास, दवाखान्यात फरशी पुसल्यावर येतो तसा. मी म्हटलं, स्वच्छताही पाळते.

एका रविवारी बायको घरी होती. मी तिला मोठ्या रुबाबात टोपली सोडून दाखवत होतो. ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"हे काय करताय?"

"टोपली सोडतोय."

"अहो, ती भिंतीपलीकडे झोकायची असते. झोका द्यायचा आणि गल्लीत टाकायची. ही तर सरळ खाली जातेय."

"मग?"

"खाली सिस्टरांचं परस आहे." तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "आणि गल्ली तर परवापासून गटारासाठी खणून ठेवलीय. दोन्ही तोंडांना पत्रे ठोकलेत. तिथे कुत्रंसुद्धा जाऊ शकत नाही."

मी दोरी हातात धरून उभा होतो. हाताखाली काहीच हललं नाही आणि तरीही कानाशी घंटा वाजली. एक. दोन. तीन.

बायकोनेच टोपली वर ओढली. आत गाजरं होती, पट्टीने बांधलेली. तिने गाठ बघितली आणि ती गॅलरीतून हळूच आत आली. "ही बँडेजची पट्टी आहे," ती म्हणाली.

मी कर्नलांना बोलावलं. त्यांनी गाठ बघून आपला अंगठा वर केला. मागे सुरी लागली होती तेव्हा सिस्टरांनी त्याला अशीच गाठ मारली होती. रसवहिनींनी निळी पेन्सिल ओळखली. त्यांच्या मुलाला ताप होता तेव्हा सिस्टर रोज येऊन त्याच पेन्सिलीने तापाचा तक्ता भरायच्या. आम्ही सगळे ओट्यावरच्या गाजरांकडे बघत उभे राहिलो. गाजरं फार ताजी होती.

बायको म्हणाली, "किल्ली घ्या आणि दार उघडून बघा."

आता सेक्रेटरी म्हणून मला असं मनात येईल तसं करता येत नाही. मृत सभासदाच्या बंद फ्लॅटचं दार उघडायचं तर समितीचा ठराव हवा, पंच हवेत. मी सभा बोलावली. कर्नलांना त्या दिवशी दाढ दुखू लागली. तिसऱ्या मजल्यावरचे बाहेरगावी गेले आणि जाताना दिसले नाहीत. गणसंख्येअभावी सभा तहकूब करावी लागली, तसं मी इतिवृत्तात लिहिलं. पुतण्याला पत्र टाकलं, उत्तर आलं नाही. रसवहिनींनी सिस्टरांच्या दारात कारल्याच्या रसाचा पेला ठेवला. संध्याकाळपर्यंत तो तसाच होता, आणि याचा अर्थ काय घ्यायचा यावर जिन्यात तासभर चर्चा झाली.

खरं सांगायचं तर मला दार उघडायचंच नव्हतं. आत भूत असेल तर माझी नोंद बरोबर होती. प्रस्ताव, सही, कुलूप, सगळं बिनचूक. भूत असण्याला माझी हरकत नव्हती. आत दुसरं काही असेल तर काय, हा विचार मनात यायचा आणि मी तो झटकून टाकायचो.

पुढच्या सोमवारी बायको मुलीच्या बाळंतपणासाठी गेली. जाताना तिने खिळ्यावरच्या किल्लीकडे बोट दाखवलं. "मी येईपर्यंत ते दार उघडलेलं असू दे," एवढंच म्हणाली.

मी एकटा राहिलो. टोपली सोडणं बंद करायचं असं दोनदा ठरवलं. पण सव्वा महिना मी त्या भाजीवर जगत होतो, पॅन्ट सैल झाली होती, आणि डॉक्टरांचा आकडा डोळ्यांपुढे होता. सकाळी उठून मी भुताला चिठ्ठी लिहायचो आणि भूत मला भाजी द्यायचं. संध्याकाळी ऑफिसातून येऊन गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेलो की खालून पाणी शिंपडल्याचा आवाज यायचा. अगदी जपून, वाटीवाटीने शिंपडल्यासारखा. मग कांदा परतल्याचा वास. भुतं कांदा परततात का, हे मी कर्नलांना विचारलं. ते म्हणाले, सवय सुटत नसेल.

त्याच सुमारास माल कमी भरू लागला.

पहिल्यांदा मला तराजूचाच संशय आला. मी अर्धा किलो मागितला होता आणि काटा चारशे ऐंशीवर थांबला. दुसऱ्या दिवशी चारशे दहा. मग साडेतीनशे. पालकाची पानं बारीक, कडेने पिवळी. भुताला घाबरणं मला जमत होतं, पण कमी माप खपवून घेणं मला कधीच जमलेलं नाही. आठवडाभर मी नोंदी ठेवल्या. घट सातत्याने होती. शेवटी एका सकाळी मी खात्याच्या कोऱ्या कागदावर, खात्याच्याच भाषेत लिहिलं:

'आपणांकडून प्राप्त होणाऱ्या मालाचे वजन गेले आठ दिवस सातत्याने घटत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल.'

सही केली. शिक्का जवळ नव्हता, त्याची जराशी हळहळ वाटली. टोपली खाली सोडली. त्या दिवशी वरून पाहताना लक्षात आलं की मांडवाची पानं सुकली होती, काही गळली होती, आणि फटींतून खालची जमीन दिसत होती. टोपली टेकली तिथे काहीतरी पांढरं होतं. ते हळूहळू सरकलं आणि मी मागे झालो.

त्या दिवशी घंटा वाजायला उशीर झाला. सात वाजून गेले. मी ओट्याशी उभा होतो, चहा निवून गेला होता. मग वाजली. तीनदा.

टोपलीत एक बीट होतं, मुठीएवढं, आणि घेवड्याच्या सात शेंगा. माझ्या नोटिशीच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं, 'क्षमा असावी. हौद तळाला गेला आहे. पाणी पुरत नाही. हे आज सगळं निघालं तेवढं. उद्या भरून देण्याचा प्रयत्न करते.'

मी ते उभ्यानेच वाचलं आणि परत वाचलं. हौद तळाला गेला, कारण नळ बंद होता. नळ मी बंद करवला होता. भुताला पाणी कशाला पुरायला हवं? आणि मेलेलं माणूस कोणाची क्षमा का मागेल? हे वाचून वाटली तशी भीती मला भुताचीही वाटली नव्हती.

मिठाच्या बरणीवरचा जुडगा ओढताना खिळा निघून आला. जिना उतरताना मी कर्नलांचं दार बडवलं. ते काठी घेऊन आले आणि माझ्या मागे उभे राहिले, त्यांच्या मागे रसवहिनी, हातात पेला. किल्ली कुलपात फिरेना. मग फिरली.

आत अंधार नव्हता. फरशी पुसलेली होती. कॉटवरची चादर दवाखान्यात घालतात तशी चारही कोपऱ्यांत घट्ट खोचलेली. परसाच्या दारात एका स्टुलावर, पांढऱ्या झग्यात, सिस्टर बसल्या होत्या. पुढ्यात धान्य पाखडायचं रिकामं सूप होतं. त्या इतक्या वाळल्या होत्या की मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकलं होतं. आमची चाहूल त्यांना लागली नाही. सावली पडली तेव्हा त्यांनी मान वळवली. आधी माझ्याकडे, मग माझ्या मागच्या काठीकडे बघितलं.

"या सेक्रेटरी," त्या म्हणाल्या. "राग गेला का?"

मी मागे वळून कर्नलांच्या हातातली काठी काढून घेतली.

मग तुकड्यातुकड्याने सगळं कळलं. पुतण्याकडे त्यांचं पटलं नाही. शोकप्रस्तावानंतर आठच दिवसांनी त्या परत आल्या होत्या, मागच्या गल्लीतून, परसाच्या दाराने, कारण पुढच्या पायऱ्या गुडघ्यांना सोसत नाहीत. बघतात तर पुढचं दार बाहेरून बंद. नळ कोरडा. खिडकीतून वाकून पाहिलं तर पाटीवर नाव नाही.

"माणसाला कळतं हो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी मिळून ठरवलं असणार. काय चुकलं ते आठवत बसले. विचारायची लाज वाटली. मग एके दिवशी तुमची टोपली खाली आली. म्हटलं, भाजी मागतायत म्हणजे राग थोडा निवळलाय. देत राहावं. कधीतरी दार उघडतील."

"पण गल्ली बंद झाल्यावर?" मी विचारलं. कानाशी वाकून, दोनदा.

"गल्लीतल्या नळाचं हौदात भरून ठेवलेलं पाणी होतं, घरात डाळ होती थोडी. आणि परस होतं." त्या किंचित हसल्या. "पण तुमचं माप भरेना."

कर्नल भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रसवहिनींनी पेला पुढे केला आणि सिस्टरांनी तो एका दमात संपवला. वहिनींचा रस कोणी न सांगता संपवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मी वर धावलो. रात्रीचं बिटाचं सूप होतं, त्यांच्याच भाजीचं, ते गरम केलं आणि मोठ्या वाडग्यात ओतलं, किती ते न बघता. सिस्टरांनी एक चमचा तोंडात घेतला आणि म्हणाल्या, "मीठ नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"कमी घाला सांगितलं असेल. विसरा असं नाही सांगितलं." आणि त्यांनी वाडगा पुसून संपवला. मी तिथेच फरशीवर बसून रडलो. ते सर्वांनी पाहिलं, पण इतिवृत्तात लिहिलं नाही.

त्यानंतर पाणी खात्यात जे झालं ते माझ्यासारख्या माणसाला शोभेसंच झालं. खिडकीतल्या कारकुनाने फाइल काढली आणि माझंच पत्र मला दाखवलं. "सभासद मयत आहेत."

"त्या जिवंत आहेत. आता घरी सूप पीत आहेत."

"असतील. पण जोडणी पुन्हा हवी असेल तर त्यांचा अर्ज लागेल."

"देतो."

"मयत व्यक्तीचा अर्ज घेता येत नाही," तो म्हणाला आणि फाइल मिटली. माझं म्हणणं मी पूर्वी लोकांना याच स्वरात सांगायचो, हे मला तिथे उभं राहून आठवलं. बावीस दिवस लागले. बावीस दिवस मी रोज सकाळी आमच्या नळाचं पाणी बादल्यांनी खाली नेलं, आधी हौदात, मग वाफ्यांत. पाटीवर नाव मी स्वतः रंगवलं. पुतण्यालाही पत्र गेलं, त्याचंही उत्तर आलं नाही. सर्वसाधारण सभेत शोकप्रस्ताव एकमताने रद्द झाला. पाळलेली दोन मिनिटं शांतता परत कशी घ्यायची, असा प्रश्न कर्नलांनी विचारला, तेव्हा बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की ते खाली बसले. बायको बाळंतपण उरकून आली होती. मी तिला दार उघडल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "किती दिवसांनी?" मी दिवस सांगितले. तो आकडा माझ्या कायम लक्षात राहील.

साखरेचा आकडा खाली आला. डॉक्टरांनी हस्तांदोलन केलं. मला त्यात काही वाटलं नाही.

आता मी रोज सकाळी खाली जातो, पुढच्या दाराने. भाजी आम्ही दोघं खुडतो, निवडतो, आणि मी तिथेच चुलीशी शिजवतो. नळाला पाणी आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी चुलीवर भाजी शिजत होती आणि आम्ही मटार सोलत बसलो होतो. मला बरेच दिवस एक विचारायचं होतं.

"सिस्टर, भाजी ठेवल्यावर तुम्ही दोरी तीनदाच का हलवायच्या?"

त्यांनी हात थांबवला. "मी? माझा खांदा वर जात नाही, दोन वर्षं झाली. मी फक्त टोपलीत ठेवायचे. दोरी तर तुम्हीच हलवायचात. तीन झटके बसले की मी समजायचे, वर न्यायची वेळ झाली."

"मी कधीच हलवली नाही."

"मग हलायची कशी?" त्यांनी विचारलं.

टोपली तर मी दार उघडलं त्याच दिवशी उतरवली होती. दोरी गुंडाळून माळ्यावर टाकली होती आणि घंटा काढून वर्तमानपत्रात बांधून कपाटात ठेवली होती. बायको शाळेत गेली होती. वर घरात कोणी नव्हतं.

सिस्टरांच्या भिंतीवरच्या घड्याळात पावणेसात झाले. त्यांनी मान वर केली. हाक मारली तरी ज्यांना दोनदा सांगावं लागतं, त्या सिस्टर छताकडे बघत म्हणाल्या, "वाजली बघा."

मीही ऐकलं. एक. दोन. तीन. मग मी उठलो, मीठ शेवटी घातलं आणि दोघांची ताटं वाढली. घंटा वाजवणाऱ्याचं तिसरं ताट रिकामं ठेवावं की भरून, हे मला कळेना, म्हणून मी ते भरून ठेवलं.